गेम कंट्रोलरचा लिनक्स ड्रायव्हर: डिस्क्रिप्टरपासून पॅचपर्यंत

कंट्रोलर यूएसबीला लावला, यादीत त्याचं नाव आलं, पण खेळात काहीच हलत नाही. ड्रायव्हरच्या, म्हणजे उपकरण आणि सिस्टीम यांना जोडणाऱ्या प्रोग्रामच्या, बहुतेक कामांची सुरुवात इथून होते आणि पहिला मोह असतो तो थेट सी फाइल उघडून बसण्याचा. आम्ही आधी एलएसयूएसबी (यूएसबी उपकरणांची माहिती छापणारी आज्ञा) सविस्तर पर्यायासह चालवतो आणि इंटरफेसचा क्लास, म्हणजे उपकरण कोणत्या प्रकारचं ते सांगणारा आकडा, बघतो. तो एक आकडा पुढचे कित्येक दिवस वाचवतो.

क्लास ३ असेल तर उपकरण एचआयडी (कीबोर्ड, माउस, गेमपॅड अशी माणसाने हाताळायची उपकरणं) कुळातलं. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, सर्वसाधारण एचआयडी ड्रायव्हर ते आपोआप उचलतो, आणि गडबड असलीच तर ती बहुधा रिपोर्ट डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे उपकरण पाठवत असलेल्या माहितीच्या (रिपोर्टच्या) वर्णनात, असते. क्लास २५५ असेल तर कंपनीने स्वतःची बोली वापरली आहे आणि एचआयडीचा कोड त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. अशा वेळी सबक्लास आणि प्रोटोकॉल पाहायचे. ९३ आणि १ म्हणजे एक्सबॉक्स ३६० पद्धतीचा वायरचा कंट्रोलर, ९३ आणि १२९ म्हणजे त्याच पिढीचा वायरलेस रिसीव्हर, ७१ आणि २०८ म्हणजे एक्सबॉक्स वन पद्धत. हे आकडे दिसले तर नवा ड्रायव्हर लिहायचं कारणच नाही. कर्नलमधल्या एक्सपॅड ड्रायव्हरमध्ये उत्पादकाचा क्रमांक घातला की काम होतं. फक्त त्या फाइलमध्ये दोन तक्ते आहेत हे लक्षात ठेवावं. एका तक्त्यात फक्त उत्पादक असतात आणि ड्रायव्हर उपकरणाला चिकटेल की नाही हे त्यावरच ठरतं. दुसऱ्यात उत्पादनाचं नाव आणि खास सवयी असतात. दुसऱ्यातच नोंद केली आणि पहिला विसरला, तर मॉड्यूल (ड्रायव्हरची लोड करता येणारी फाइल) लोड होऊनही काही घडत नाही, आणि चूक कुठे आहे हे लॉगमध्येही दिसत नाही.

डिस्क्रिप्टर तपासायचा तर डीबगएफएसमधल्या (कर्नलची तपासणीसाठीची फाइल-व्यवस्था) एचआयडी फोल्डरमध्ये प्रत्येक उपकरणाची आरडेस्क नावाची फाइल असते. त्यात मूळ बाइट आणि कर्नलने लावलेला त्यांचा अर्थ, दोन्ही मिळतात. कमाल किंमत चुकीची, दोन अक्षांना एकच नाव, बटणांची संख्या प्रत्यक्षापेक्षा जास्त, असे दोष स्वस्त कंट्रोलरमध्ये नेहमी सापडतात. त्यासाठी पूर्ण ड्रायव्हर लिहू नये. डिस्क्रिप्टर दुरुस्त करणारं छोटं फंक्शन पुरतं, आणि कर्नल ६.३ पासून एचआयडी-बीपीएफच्या (चालू कर्नलला छोटे प्रोग्राम जोडण्याची सोय) मार्गाने हीच दुरुस्ती कर्नल न बांधता करता येते. दोन बाइटांच्या दुरुस्तीसाठी आम्ही आता तोच मार्ग आधी बघतो.

पूर्ण ड्रायव्हर लागतो तेव्हा कारण वेगळं असतं. तिथे उपकरण नुसतं बोलत नाही, समोरून उत्तराची अपेक्षा करतं. कोणी हाक मारल्याशिवाय ते पूर्ण माहिती देत नाही, पावती मिळाली नाही तर तेच तेच सांगत राहतं, आणि मध्येच त्याला एखादी जोडणी, म्हणजे वर लावायचं जास्तीचं उपकरण, लावली की आधीचं ठरलेलं विसरतं. बटणं वाचणं हे या कामातलं सगळ्यात सोपं प्रकरण. वेळ जातो तो उत्तरं देण्यात.

आता नोंद घेणं, म्हणजे कंट्रोलर आणि यंत्र यांच्यातलं संभाषण टिपणं. यूएसबीसाठी यूएसबीमॉन मॉड्यूल लोड करून वायरशार्कमध्ये पकडायचं, ब्लूटूथसाठी बीटीमॉन, आणि एचआयडी पातळीवर एचआयडी-रेकॉर्डर. कंट्रोलरचा अधिकृत ड्रायव्हर दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच चालत असेल तर ती सिस्टीम व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून कंट्रोलर तिच्याकडे सोपवायचा. यूएसबीमॉन मूळ यंत्रणेत बसून दोन्ही बाजूंचं सगळं संभाषण टिपतो. फुटलेली अंतर्गत कागदपत्रं किंवा दुसऱ्याच्या ड्रायव्हरचा कोड उघडूनही बघायचा नाही. कर्नलमध्ये जाणाऱ्या प्रत्येक पॅचवर (कोडमधल्या बदलावर) सही करून आपण त्या कोडच्या उगमाची हमी देत असतो. फर्मवेअरचंही तसंच. वायरलेस डोंगलला फर्मवेअर भरावं लागत असेल आणि ते वाटण्याची परवानगी नसेल, तर ते आपल्या भांडारात ठेवायचं नाही.

पहिली नोंद हात न लावता घ्यायची. कंट्रोलर टेबलावर ठेवायचा आणि १० सेकंद पकडायचं. या नोंदीत जे बाइट बदलतात ते बटणांचे नाहीत, एवढं नक्की कळतं. एकाने वाढत जाणारा तो क्रमांक, मोठ्या ठरावीक उड्या मारणारा तो वेळेचा शिक्का, सतत थोडे थरथरणारे जायरोचे (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचे), आणि प्रत्येक पॅकेटमध्ये पूर्ण बदलणारे शेवटचे चार बाइट दिसले तर ती चेकसम (पॅकेट बिघडलं नाही ना हे तपासणारा आकडा). हे आधी बाजूला काढलं की उरलेलं झपाट्याने सुटतं. मग एका वेळी एकच कृती, प्रत्येक बटण तीनदा, मध्ये दोन सेकंद थांबून. स्टिक आधी चार दिशांना टोकापर्यंत, मग कडेने सावकाश एक पूर्ण फेरा. सगळं एकाच फाइलमध्ये कोंबू नये. फाइलच्या नावातच कृती लिहावी, कारण महिन्याभराने ती पुन्हा उघडावी लागतेच.

एक उदाहरण जवळून बघू. निन्टेन्डोच्या जॉय-कॉन आणि प्रो कंट्रोलरच्या पूर्ण रिपोर्टमध्ये एका स्टिकला तीन बाइट मिळतात आणि त्यात १२ बिटांचे दोन आकडे बसवलेले असतात. समजा, हेक्समध्ये बाइट आले एफ३, ९७, ७८. आडवा आकडा म्हणजे पहिला बाइट आणि त्याच्या वर मधल्या बाइटचा खालचा अर्धा भाग, म्हणजे ७एफ३. दशमानात २०३५. उभा आकडा म्हणजे तिसरा बाइट चार बिट वर सरकवून त्याखाली मधल्याचा वरचा अर्धा भाग, म्हणजे ७८९. दशमानात १९२९. स्टिक मोकळी असताना हे आकडे आले, तर केंद्र २०४८ धरून लिहिलेला ड्रायव्हर आडव्या अक्षाला १३ आणि उभ्याला ११९ एवढं कायमचं खोटं ढकलणं दाखवेल. टोकाला पोचल्यावरही ० किंवा ४०९५ येत नाही, कारण स्टिकचा यांत्रिक पल्ला त्याआधीच संपतो.

म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक स्टिकचं खरं केंद्र आणि पल्ला सांगणारे आकडे, वाचावंच लागतं. ते कंट्रोलरमधल्या एसपीआय फ्लॅशमध्ये (कायमच्या मेमरीत) असतं. डाव्या स्टिकचं कारखान्यातलं हेक्स ६०३डी या पत्त्यावर, उजव्याचं ६०४६ वर, प्रत्येकी नऊ बाइट. वापरणाऱ्याने स्वतः कॅलिब्रेशन केलं असेल तर ते ८०१२ आणि ८०१डी वर. पण त्याच्या आधीचे दोन बाइट बी२ आणि ए१ असतील तरच ते खरं मानायचं. नाहीतर तिथे नुसता कचरा असतो. नऊ बाइटांत १२ बिटांच्या तीन जोड्या: केंद्र, केंद्राच्या वर किती, केंद्राच्या खाली किती. इथे एक खड्डा आहे. डाव्या स्टिकला क्रम 'वर, केंद्र, खाली' असा, तर उजव्याला 'केंद्र, खाली, वर' असा. दोन्हीला एकच फंक्शन लावलं तर डावी स्टिक सुरेख चालते आणि उजवी एका कोपऱ्यात अडकून बसते. शिवाय हा कंट्रोलर वरची दिशा वाढती धरतो आणि लिनक्समध्ये उभा अक्ष वर जाताना उणे व्हायला हवा, म्हणून चिन्ह उलटावं लागतं.

याच जागी आणखी एक काळजी. कॅलिब्रेशनच्या आकड्यांनी पुढे भागाकार होतो. नकली कंट्रोलरमध्ये ती जागा अनेकदा शून्यांनी भरलेली असते, आणि कर्नलमध्ये शून्याने भागणं म्हणजे सरळ क्रॅश. प्लेस्टेशनच्या आणि निन्टेन्डोच्या ड्रायव्हरमध्ये मोशन सेन्सरच्या कॅलिब्रेशनसाठी ही तपासणी नंतर घालावी लागली. भाजक शून्य आला तर इशारा छापायचा, ठरावीक किंमती वापरायच्या आणि पुढे जायचं. उपकरणाकडून आलेल्या कुठल्याही आकड्यावर तपासल्याशिवाय भागाकार करू नये, त्याने ॲरेची जागा शोधू नये, आणि रिपोर्टची लांबी पाहिल्याशिवाय त्यातला बाइट वाचू नये.

फ्लॅश वाचायचा म्हणजे विनंती पाठवून उत्तराची वाट बघायची, आणि इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. प्रोबमध्ये (उपकरण जोडल्यावर ड्रायव्हरचं पहिलं चालणारं फंक्शन) विनंती पाठवली, प्रत्येक वेळी टाइमआउट. यूएसबीमॉनमध्ये बघावं तर कंट्रोलरचं उत्तर काही मिलीसेकंदांत आलेलं. कंट्रोलर बोलत होता, केबल ठीक होती, पण आमच्या हातात काही पडत नव्हतं. कारण एचआयडीच्या गाभ्यात आहे. प्रोब चालू असताना तो येणारे रिपोर्ट ड्रायव्हरपर्यंत पोचू देत नाही, कारण ड्रायव्हरची मांडणी अजून अर्धवट असू शकते. प्रोबमध्येच संवाद करायचा असेल तर आधी आपल्या सगळ्या रचना तयार करायच्या, लॉक आणि वेट-क्यू (उत्तराची वाट बघायची रांग) सज्ज करायचे, उपकरण उघडायचं आणि मग 'एचआयडी डिव्हाइस आयओ स्टार्ट' हे फंक्शन स्वतः बोलवायचं. त्या क्षणापासून रिपोर्ट येऊ लागतात. एका ओळीची दुरुस्ती, पण ती ओळ योग्य जागीच हवी. लॉक तयार होण्याआधी घातली तर पहिलाच रिपोर्ट यंत्र पाडतो.

प्रो कंट्रोलर यूएसबीवर असेल तर त्याआधीही एक शिष्टाचार असतो: ८० ०२ ने हस्तांदोलन, ८० ०३ ने वेग ३ मेगाबिट, पुन्हा ८० ०२, आणि शेवटी ८० ०४, म्हणजे टाइमआउट बंद, यूएसबीवरच राहा. या शेवटच्या आज्ञेला उत्तर येत नाही, त्यामुळे तिथला टाइमआउट चूक मानून प्रोब सोडून देऊ नये. ब्लूटूथवर भरभर आज्ञा सोडल्या तर कंट्रोलर सरळ संपर्क तोडतो. दोन आज्ञांमध्ये अंतर ठेवायचं आणि नुकताच एखादा रिपोर्ट आल्यावरच पुढची आज्ञा पाठवायची. ही शिस्त पाळली की अधूनमधून होणारे, कारण न सांगता येणारे डिस्कनेक्ट थांबतात.

एक्सबॉक्स वन कुळात पावतीचा नियम आहे. जोडल्यावर ०५ २० ने सुरू होणारं पाच बाइटांचं पॅकेट पाठवलं की कंट्रोलर जागा होतो. त्याआधी कितीही बटणं दाबा, काही येत नाही. मधलं मोठं बटण मात्र बाकीच्यांबरोबर येत नाही. त्याचं वेगळं पॅकेट असतं, पहिला बाइट ०७, आणि दुसऱ्या बाइटमध्ये पावती मागणारा बिट. पावती म्हणजे १३ बाइटांचं पॅकेट, त्यात आलेल्या पॅकेटचाच क्रमांक परत लिहायचा. पावती दिली नाही तर काही कंट्रोलर तेच पॅकेट अखंड पाठवत राहतात आणि त्या बटणाची पुढची खबर देतच नाहीत. बटण एकदाच चालतं आणि मग मरतं, अशी तक्रार आली तर पहिल्यांदा इथे बघावं. एक्सबॉक्स ३६० च्या काही बिनब्रँडी नकलांची खोड निराळी. त्यांना सुरुवातीला कंट्रोल मार्गाने २० बाइटांचा एक रिपोर्ट मागावा लागतो. उत्तराचा उपयोग काही नाही, पण ते मागितल्याशिवाय त्यांची तयारी पूर्ण होत नाही.

आता उलट दिशा: कंपन, दिवे. ३६० ला कंपनाची आज्ञा आठ बाइटांची, ०० ०८ ०० नंतर मोठ्या मोटरचा जोर, मग छोट्या मोटरचा, आणि तीन शून्यं. कर्नल जोर १६ बिटांत देतो, आपण २५६ ने भागून आठ बिटांत आणायचा. हे समजायला पाच मिनिटं लागतात. अडचण दुसरीकडे आहे. फोर्स-फीडबॅकच्या (कंपन वगैरे परिणामांच्या) मेमलेस थराकडून आपलं फंक्शन स्पिनलॉक (धरलेला असताना थांबता येत नाही असं कुलूप) धरलेल्या अवस्थेत बोलावलं जातं. तिथे झोपणारं, म्हणजे थांबून वाट बघणारं, काहीही चालत नाही: म्यूटेक्स (थांबायला लावणारं कुलूप) नाही, साधं केमॅलॉक (मेमरी मागणं) नाही, उत्तराची वाट बघणारं यूएसबी किंवा एचआयडी फंक्शन नाही. गंमत अशी की साध्या कर्नलवर हे चुकीचं असूनही बऱ्याचदा चालून जातं आणि मग दुसऱ्याच्या यंत्रावर सगळं गोठतं. म्हणून चाचणीच्या कर्नलमध्ये ॲटॉमिक-स्लीप तपासणी आणि लॉक तपासणी चालू ठेवायच्याच. योग्य पद्धत अशी: स्पिनलॉकखाली दोन आकडे साठवायचे, वर्कक्यूला (कामं नंतर करणाऱ्या रांगेला) काम द्यायचं, आणि पाठवायचं ते वर्कमध्ये, म्हणजे त्या कामात. खेळ सेकंदाला कित्येक वेळा जोर बदलतो. त्या सगळ्यांची रांग लावली तर कंपन खेळाच्या मागे रेंगाळत राहतं. फक्त शेवटची किंमत ठेवायची, जुनी फेकून द्यायची.

पाठवायचा बफर स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) ठेवू नये. यूएसबीला डीएमएसाठी (उपकरणाने मेमरी थेट वाचण्या-लिहिण्यासाठी) योग्य मेमरी लागते, आणि कर्नलचा स्टॅक व्हीमॅपवर (आभासी पत्त्यांच्या मेमरीवर) गेल्यापासून, म्हणजे ४.९ नंतर, ही चूक लपून राहत नाही.

ब्लूटूथवर तोच कंट्रोलर यूएसबीपेक्षा वेगळा वागतो हे गृहीत धरूनच चालावं. ड्युअलसेन्स (प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर) यूएसबीवर रिपोर्ट ०१ पाठवतो, ६४ बाइट. ब्लूटूथवर रिपोर्ट ३१, ७८ बाइट, शेवटचे चार सीआरसी-३२ (एक चेकसम). सीआरसी फक्त दिसणाऱ्या बाइटांवर काढली तर जुळत नाही. आधी एक अदृश्य बाइट धरावा लागतो: कंट्रोलरकडून येणाऱ्या रिपोर्टला हेक्स ए१, आपण पाठवतो त्याला ए२, फीचर रिपोर्टला ए३. हा एचआयडीच्या ब्लूटूथ वाहतुकीचा मथळा आहे, जो ड्रायव्हरच्या हातात येतच नाही. मग ७४ बाइट, आणि शेवटी सगळे बिट उलटे. चुकीची सीआरसी पाठवली तर कंट्रोलर चूक कळवत नाही. तो आज्ञा मुकाट्याने टाकून देतो. त्यामुळे आम्ही आधी पकडलेल्या रिपोर्टवर आपली सीआरसी पडताळून बघतो, ती जुळली की मगच पाठवण्याकडे वळतो.

ड्युअलसेन्सच्या पाठवायच्या रिपोर्टमध्ये कंपन, दिवे, मायक्रोफोनचा दिवा असं सगळं एकत्र असतं आणि सुरुवातीला कोणता भाग लागू करायचा ते सांगणारे बिट असतात. जो भाग बदलायचा त्याचाच बिट लावायचा. सगळे बिट कायम लावून ठेवले तर कंपन थांबवताना दिव्याचा रंगही शून्य होतो. ड्युअलशॉक ४ (प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर) ची आणखी एक गोष्ट: ब्लूटूथवर तो सुरुवातीला दहा बाइटांचा त्रोटक रिपोर्ट देतो, जायरो नाही, टचपॅड नाही. कॅलिब्रेशनचा फीचर रिपोर्ट मागितला की पूर्ण रिपोर्ट सुरू होतो. म्हणजे तिथे कॅलिब्रेशन वाचणं हीच चालू करण्याची कळ आहे.

दिव्यांसाठी कर्नलची एलईडी रचना आणि बॅटरीसाठी पॉवर-सप्लाय रचना वापरायची. स्वतःच्या सिसएफएस फाइली (कर्नलची माहिती बाहेर दाखवणाऱ्या) काढत बसू नये, त्या परीक्षणात अडतात आणि अडाव्यातही. ड्युअलसेन्स बॅटरी ० ते १० या आकड्यात सांगतो. त्याला १० ने गुणून ५ मिळवायचे आणि वर १०० ची मर्यादा. पॉवर-सप्लायची व्याप्ती 'डिव्हाइस' आहे असं स्पष्ट सांगायला विसरू नये. ते राहिलं तर कंट्रोलरची उतरलेली बॅटरी ही लॅपटॉपचीच आहे असं डेस्कटॉपला वाटू शकतं.

जोडण्यांकडे येऊ, कारण ड्रायव्हरची खरी परीक्षा तिथे होते. वीमोट (निन्टेन्डो वीचा कंट्रोलर) हे याचं उत्तम उदाहरण. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ३.१ पासून, म्हणजे २०११ पासून आहे. खालच्या खोबणीत नंचक किंवा क्लासिक कंट्रोलर लावला की वीमोट स्थितीचा रिपोर्ट २० पाठवतो, आणि तिथून पुढे बटणांचे रिपोर्ट पाठवणं बंद करतो. आपण रिपोर्ट १२ ने माहितीचा प्रकार पुन्हा ठरवून दिल्याशिवाय तो गप्पच. हे ठाऊक नसेल तर नंचक लावल्यावर कंट्रोलर गोठतो, असा बग दिसतो आणि माणूस ब्लूटूथमध्ये शोधत बसतो. ओळख पटवायची पद्धत अशी: हेक्स ए४००एफ० या पत्त्यावर ५५ लिहायचं, ए४००एफबी वर ०० लिहायचं, मग ए४००एफए पासून सहा बाइट वाचायचे. ०० ०० ए४ २० ०० ०० आलं तर नंचक. शेवटचे दोन ०१ ०१ असतील तर क्लासिक कंट्रोलर, ०४ ०२ असतील तर बॅलन्स बोर्ड. सहाही एफएफ आले तर जोडणी नाही किंवा अर्धवट बसली आहे. थोडं थांबून पुन्हा वाचावं. हे सगळं वर्कमध्ये, कारण स्थितीचा रिपोर्ट जिथे येतो तिथे झोपता येत नाही. प्रत्येक जोडणीसाठी वेगळं इनपुट उपकरण नोंदवायचं. मूळ उपकरणाचेच अक्ष मध्येच वाढवू नयेत, कारण खेळाने उपकरण उघडताना वाचलेली क्षमता नंतर बदलली तर त्याला पत्ता लागत नाही.

३६० च्या वायरलेस रिसीव्हरला हाच नियम उलट बाजूने लागतो. त्यात चार कंट्रोलरांसाठी चार जागा आहेत आणि रिसीव्हर लावताक्षणी त्या सगळ्या दिसतात, कंट्रोलर एकही चालू नसला तरी. प्रोबमध्येच इनपुट नोंदवलं तर खेळाला चार निर्जीव जॉयस्टिक दिसतात आणि पहिला खेळाडू भलतीकडेच बसतो. पूर्वी एक्सपॅडमध्ये असंच होत असे. आता ०८ ८० हे पॅकेट आलं की कंट्रोलर हजर, ०८ ०० आलं की गेला, आणि त्यानुसार इनपुट उपकरण नोंदवलं किंवा काढलं जातं.

स्टिअरिंग व्हीलमध्ये जोडलेलं उपकरणच बदलतं. लॉजिटेकची अनेक व्हील सुरुवातीला जुन्या मॉडेलचा क्रमांक सांगतात. मूळ रूपात जा अशी आज्ञा दिली की ती यूएसबीवरून स्वतःला तोडून नव्या उत्पादन क्रमांकाने परत येतात. आज्ञा पाठवल्यावर त्याच उपकरणावर फोर्स-फीडबॅक वगैरे मांडत बसू नये. नवा क्रमांक आल्यावर प्रोब पुन्हा होतोच. गिटार हिरो लाइव्हच्या गिटारीच्या डोंगलला तर दर आठ-दहा सेकंदांनी एक ठरावीक पॅकेट पाठवत राहावं लागतं, नाहीतर गिटार पूर्ण माहिती देत नाही. तिथे ड्रायव्हरमध्ये टायमर येतो, आणि टायमर आला की काढताना तो थांबवण्याची जबाबदारीही येते.

काढणं हा भाग सगळ्यात कमी तपासला जातो. क्रम असा ठेवावा: स्पिनलॉकखाली 'आता पाठवू नका' असा झेंडा लावायचा, टायमर थांबवायचा, वर्क रद्द करून ते संपेपर्यंत थांबायचं, मग एचआयडी बंद करायचं, मग थांबवायचं. झेंडा न लावता नुसतं वर्क रद्द केलं तर त्याच क्षणी खेळाकडून आलेली कंपनाची आज्ञा नवं वर्क लावून जाते, आणि ते मोकळ्या केलेल्या मेमरीवर चालतं. डेव्हएमने (उपकरणाला बांधलेल्या फंक्शनांनी) घेतलेली मेमरी आपोआप सुटते हे खरं, पण काढण्याचं फंक्शन परतल्यानंतर. तोवर वर्क जिवंत राहिलं तर ती सोय काही कामाची नाही. चाचणी सोपी आहे: केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी तपासणी) असलेला कर्नल, एफएफटेस्टने (कंपन तपासायच्या प्रोग्रामने) सतत कंपन, आणि केबल उपटायची. ५० वेळा. त्यातल्या निम्म्या खेपा जोडल्या जोडल्या लगेच, प्रोब संपायच्या आत.

बटणांची नावं ठरवताना कर्नलच्या गेमपॅड दस्तऐवजाप्रमाणे दिशेची नावं वापरायची: साउथ, ईस्ट, नॉर्थ, वेस्ट. छापलेलं अक्षर बघू नये. जुन्या व्याख्येत बीटीएन-एक्स हे नॉर्थचं दुसरं नाव आहे आणि एक्सबॉक्सवर एक्स बटण डावीकडे असतं. एक्सपॅडमध्ये ही गफलत राहून गेली आणि आता ती बदलता येत नाही, कारण वरचे प्रोग्राम त्याच मांडणीवर बेतलेले आहेत. एसडीएल (अनेक खेळ वापरतात ती लायब्ररी) कंट्रोलर ओळखतो तो बस, उत्पादक, उत्पादन आणि आवृत्ती या चार आकड्यांवरून. सोनीच्या ड्रायव्हरमध्ये मांडणी बदलायची वेळ आली तेव्हा आवृत्तीच्या आकड्यात सगळ्यात वरचा बिट लावला गेला, म्हणजे जुनी आणि नवी मांडणी वेगळी ओळखता येते. पहिल्याच आवृत्तीत मांडणी नीट केली तर ही कसरत टळते.

बांधणीबद्दल थोडक्यात. चालू कर्नलचे हेडर बसवून बाहेरच मॉड्यूल बांधता येतं, पूर्ण कर्नल दर वेळी बांधू नये. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल नाकारलं जातं. स्वतःची किल्ली नोंदवून सही करावी. कंट्रोलर हाताशी नसतानाही एचआयडी-रेकॉर्डरची जुनी नोंद यूएचआयडीमार्फत (प्रोग्राममधून खोटं एचआयडी उपकरण उभं करायची सोय) पुन्हा चालवून तपासता येतं, आणि कर्नलच्या सेल्फटेस्टमध्ये एचआयडीच्या चाचण्या आहेत, त्यात आपल्या उपकरणाची भर घालावी.

पॅच पाठवण्याआधी चेकपॅच (पॅच तपासणारी स्क्रिप्ट) कडक पर्यायासह चालवायचा आणि गेट-मेंटेनर (कोणाला पाठवायचं ते सांगणारी स्क्रिप्ट) सांगेल त्यांनाच ईमेल करायचा. एचआयडी आणि जॉयस्टिक हे वेगळे विभाग आहेत, देखभाल करणारेही वेगळे. नवं उपकरण, जुन्या कोडची आवरासावर आणि बगदुरुस्ती हे तीन वेगळे पॅच. तक्त्यातली नोंद क्रमांकाच्या चढत्या क्रमाने, नाहीतर ती परत येते. पॅचच्या वर्णनात काय तपासलं ते लिहावं: कोणत्या मार्गाने जोडलं, कंपन चाललं का, झोपवून उठवल्यावर दिवे परत आले का. सस्पेंडनंतर बरेच कंट्रोलर सुरुवातीचा शिष्टाचार पुन्हा मागतात. तो प्रोबमध्येच लिहिला असेल तर रिझ्यूममध्ये वापरता येत नाही. म्हणून आम्ही तो पहिल्या दिवसापासून वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवतो, आणि जोडणी बदलल्यावर, उठल्यावर, संपर्क परत आल्यावर तेच फंक्शन बोलावतो.